कोकम सरबत, डिझाइनला चार लाख: आधी लोगो की आधी बाटली?

कुडाळचा_कोकमवाला
सिंधुदुर्गात छोटं युनिट आहे. कोकम सरबत (घट्ट, साखरेच्या पाकातलं), आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) आणि आमसुलं, एवढाच पसारा. सरबत ७०० मिलीच्या साध्या पारदर्शक पेट (PET प्लास्टिकच्या) बाटलीत गरम भरतो. आजवर माल हायवेवरच्या आणि गोव्यातल्या दुकानांत जात होता. पुढच्या उन्हाळ्याआधी पुण्या-मुंबईत उतरायचंय. डिझाइनसाठी चार लाख काढलेत. एजन्सी म्हणते लोगो, वेबसाइट आणि ‘ब्रँडची कहाणी’. भागीदार म्हणतो साचा पाडून स्वतःच्या आकाराची बाटली करू. इकडे दुकानदारांच्या तक्रारी वेगळ्याच: काही बाटल्यांची पोटं आत जातात, खोक्यात एखादी झिरपते, आणि चारेक महिन्यांत सरबत तपकिरी दिसायला लागतं. पैसा आधी कुठे घालावा?

पुठ्ठा_आणि_पेट
तुमच्या तिन्ही तक्रारी डिझाइनच्याच आहेत. फक्त त्या कोणी एजन्सीला सांगितलेल्या दिसत नाहीत.

पोट आत जाणं: साधं पेट ७०-७५ अंशांच्या आसपास मऊ पडतं. तुम्ही ८५ च्या पुढे भरत असाल. बाटली आधी आकसते, मग सरबत निवताना आत निर्वात तयार होतो आणि भिंत ओढली जाते. यावर उपाय म्हणजे हीट-सेट बाटली, म्हणजे उष्णता सोसेल अशी तयार केलेली. तिच्या अंगावर जे खोलगट पट्टे असतात ते शोभेचे नाहीत, निर्वात तिथे मावतो. ही बाटली साध्या बाटलीपेक्षा महाग पडते, पण तयार आकारात मिळते, साचा पाडावा लागत नाही.

झिरपणं: बुचावर संशय घेण्याआधी बाटलीचं तोंड बघा. साध्या पेटचं तोंड गरम रसाने किंचित लंबगोल होतं. मग बूच कितीही आवळा, एका बाजूने फट राहतेच. हीट-सेट बाटलीचं तोंड बऱ्याचदा दुधी-पांढरं असतं, ते उष्णतेने मुद्दाम कडक केलेलं असतं. बूच आवळण्याचा ढोबळ नियम असा: मिलिमीटरमधला जो व्यास, त्याच्या निम्मे इंच-पाऊंड (आवळण्याच्या जोराचं माप). म्हणजे २८ मिमीच्या बुचाला १४ च्या आसपास. हाताने आवळणाऱ्या दोन माणसांत सकाळ-संध्याकाळ केवढा फरक पडतो ते टॉर्क मीटर (हा जोर मोजणारं यंत्र) लावल्यावरच कळतं. भरल्यावर दोन-तीन मिनिटं बाटली आडवी ठेवा, म्हणजे बुचाची आतली बाजूही तापते. शेवटी प्रत्येक लॉटमधल्या बारा बाटल्या टिश्यूपेपरवर २४ तास आडव्या ठेवा. एक गुलाबी ठिपका दिसला तरी तो लॉट थांबवा.

रंग: कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. उजेड, उष्णता आणि प्राणवायू हे त्याचे तीन वैरी. तुमच्याकडे तिन्ही हजर आहेत: पारदर्शक बाटली, गरम भरून क्रेटमध्ये हळूहळू निवणं, आणि पेटमधून आत शिरणारी हवा. भरल्यावर पाण्याच्या फवाऱ्याखाली लवकर ४० अंशांखाली आणा. बाटलीला पूर्ण अंगाचं श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून घट्ट बसणारं छापील प्लास्टिक) घाला आणि मागे बोटभर रुंद उभी खिडकी ठेवा. गिऱ्हाइकाला लाल रंग दिसला पाहिजे हे खरं, पण म्हणून अख्खी बाटली उन्हात उघडी ठेवायचं कारण नाही.

शेल्फवरून_बघा
वरचं सगळं मान्य. एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते दुसरी बाटली विकली जाणार की नाही हे तीच ठरवते. सरबत ओतून बाटली सरळ केली की शेवटचा थेंब तोंडावरून मानेवर, मानेवरून लेबलवर येतो. पाक घट्ट असल्यामुळे तो वाळतो. आठवड्याभरात लेबलवर तपकिरी ओघळ, फ्रिजच्या कप्प्यावर चिकट गोल, त्याला मुंग्या. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याचं घेतं. बाटलीच्या तोंडात बसणारा प्लास्टिकचा पोअरर मिळतो. त्याची कड धारदार हवी, गोलसर कडेवरून थेंब मागे वळतो. मात्र गरम रसाला चालेल असाच घ्या. कागदी लेबल असेल तर बीओपीपीचं (प्लास्टिक फिल्मचं) घ्या, ते पुसता येतं.

भागीदाराच्या बाटलीबद्दल: स्वतःचा आकार वाईट नाही, पण आकाराने काहीतरी सोडवलं पाहिजे. पॅराशूटचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकात हर्ष मारीवालांनी (तेव्हा कंपनी बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीज, मॅरिको पुढे झाली) खोबरेल तेल पत्र्याच्या डब्यातून प्लास्टिकमध्ये आणायचं ठरवलं. प्लास्टिक स्वस्त होतं, पण दुकानदार तयार नव्हते, कारण आधी कोणीतरी चौकोनी प्लास्टिकची बाटली आणली होती आणि ती उंदरांनी कुरतडली होती. कोपरा असला की उंदराच्या दाताला पकड मिळते. म्हणून बाटली गोल केली, बाहेर तेल लागणार नाही असं बघितलं, आणि पिंजऱ्यात उंदरांसोबत बाटल्या ठेवून त्या शाबूत राहतात हे दुकानदारांना दाखवलं. पुढे थंडीत गोठणाऱ्या तेलासाठी (साधारण २४ अंशांखाली ते थिजतं) रुंद तोंडाची बरणी आली, बोटाने तेल काढता येतं. तुमच्या भागीदाराला विचारा: आपला आकार कोणता उंदीर अडवतो?

आणि एजन्सीला जुनं सगळं एकदम बदलू देऊ नका. ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ काढून रसाचा ग्लास छापला. लोकांना शेल्फवर आपलं खोकं ओळखू येईना. दोनेक महिन्यांत विक्री २० टक्क्यांच्या आसपास घसरली आणि जुनं चित्र परत आणावं लागलं. हायवेवरचं तुमचं गिऱ्हाईक ज्या खुणेने बाटली उचलतं (बुचाचा रंग असेल, नाहीतर नावाचं वळण) ती आधी शोधा आणि तिला हात लावू नका.

नोंदणी_आधी
कायद्याची बाजू कोणीच काढली नाही, म्हणून.

बाटलीचा आकार स्वतःचा केलात तर प्रदर्शनात मांडण्याआधी, इन्स्टावर टाकण्याआधी डिझाइन्स अ‍ॅक्ट, २००० खाली अर्ज करा. आधी जगजाहीर झालेल्या आकाराचं नावीन्य संपतं. संरक्षण १० वर्षांचं, पुढे ५ वाढवून मिळतात. आणि ते फक्त दिसण्याला मिळतं. थेंब न गळण्याची युक्ती त्यात बसत नाही.

ट्रेडमार्क आधी नावाचा, चित्राचा नंतर. सरबत वर्ग ३२ मध्ये. आमसुलं त्यात येत नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा बघा. नुसतं ‘कोकण’ किंवा ‘मालवणी’ असं नाव असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ ची हरकत येणारच, ठिकाणाचं नाव एकट्याला मिळत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. ते चिन्ह लेबलवर छापायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

एजन्सीच्या करारात कॉपीराइट तुमच्या नावे लेखी करून घ्या. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, असं दर वेळी आपोआप होत नाही. मूळ व्हेक्टर फाइल आणि फॉन्टचा परवाना हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

कुडाळचा_कोकमवाला
डोळे उघडले राव. म्हणजे साचा आता नको. पण स्लीव्ह म्हटलं की छपाईवाला हजारोंची ऑर्डर मागतो. तीन उत्पादनांची तीन स्लीव्ह अडकली तर?

पुठ्ठा_आणि_पेट
स्लीव्ह फक्त सरबताला. आगळ खारट आणि पातळ, त्याला आहे ती बाटली चालेल. मात्र पत्र्याचं बूच नको, मिठाने गंजतं. आमसुलांना साधं पाऊच आणि वर स्टिकर.

सरबताची पहिली खेप डिजिटल छपाईत ५०० काढा. नग महाग पडेल, पडू द्या. त्यातल्या बाटल्या खोक्यात भरून नेहमीच्या ट्रकने घाटातून पुण्याला पाठवा आणि उघडून बघा, स्लीव्ह कुठे घासली, कुठे फिरली. काही उन्हाच्या खिडकीत दोन महिने ठेवा, शेजारी एक बिनस्लीव्हची. मगच ग्रॅव्ह्यूरचे (मोठ्या खेपेच्या छपाईचे) कोरीव सिलिंडर. ते रंगागणिक एक लागतात, तेव्हा आठ रंगांचं कोकमाचं झाड काढून आणलं तर एजन्सीला चारवर आणा.

एमआरपी, बॅच, तारीख स्लीव्हवर छापू नका, भरतानाच इंकजेटने मारा. त्यासाठी ४० बाय १५ मिमीचा फिकट चौकोन बिनवार्निशचा सोडायला सांगा. वार्निशवर शाई बोटाने पुसली जाते, आणि तारीख नसलेली बाटली पुण्यातला दुकानदार त्याच गाडीने परत पाठवतो.