डोळ्याला खरंच काय दिसलं? ग्रह पाहण्याचे तुमचे अनुभव सांगा

नवी दुर्बीण आली की पहिल्याच रात्री शनी शोधायचा, 'फोटोतल्यासारखा नाही दिसत' म्हणून हिरमुसायचं आणि महिन्याभरात ती कपाटावर ठेवून द्यायची, असं मी कित्येकांचं होताना पाहिलंय. मला वाटतं यात चूक आपली आहे. ज्यांनी ग्रह पाहिलेत ते 'भारी दिसला' एवढंच सांगतात, नेमकं काय दिसलं ते सांगत नाहीत. म्हणून लिहा: कोणता ग्रह, कशातून, किती वेळ पाहिला आणि डोळ्याला काय दिसलं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलंही हवंच आहे.

सुरुवात मी करतो. माझी सहा इंची (म्हणजे आरशाचा व्यास) डॉब्सोनियन आहे, साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. १० मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली की १२०० भागिले १०, म्हणजे १२० पट मोठं दिसतं. गुरू पहिल्यांदा पाहिला तेव्हा पिवळट चकती, दोन पुसट पट्टे आणि बाजूला चार चंद्र, बस. मग एका रात्री खुर्ची टाकून बसलो. (खुर्चीने फार फरक पडतो, वाकून उभं राहिलं की पाच मिनिटांत मान भरून येते आणि माणूस पाहणं सोडून देतो.) हवा थरथरत होती, वाहत्या पाण्याच्या तळाशी नाणं पाहावं तशी चकती हलत होती. आणि मध्येच दोन सेकंद सगळं थांबलं. तेवढ्यात दिसलं की पट्ट्याची कडा सरळ नाही, तिला निळसर झालरी आहेत. लगेच परत सगळं हललं. तासाभरात असे पाच-सहा क्षण मिळाले. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे शेवटच्या वेळी त्या झालरी बाजूला सरकलेल्या स्पष्ट कळल्या.

*

माझ्याकडे दुर्बीण नाही. २०२२च्या ऑक्टोबरपासून मी दर निरभ्र रात्री वहीत मंगळाचा एक ठिपका काढत होते. वृषभेची शिंगं, रोहिणी आणि कृत्तिका आधीच काढून ठेवल्या होत्या. महिनाअखेरीला ठिपके एकमेकांवर पडायला लागले, मग उलटे पश्चिमेकडे निघाले. डिसेंबरात प्रतियुतीच्या (पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो त्या वेळेच्या) सुमारास मंगळ इतका तेजस्वी होता की त्याच्यापुढे रोहिणी बिचारी दिसत होती. जानेवारीच्या मध्यावर तो पुन्हा थांबला आणि सरळ चालू लागला. मार्चपर्यंत तो रोहिणीइतकाच उरला. 'मंगळ वक्री झाला' हे शब्द लहानपणापासून ऐकलेले, पण आपली पृथ्वी आतल्या वाटेने त्याला मागे टाकून पुढे जाते म्हणून तो मागे जाताना दिसतो, हे मला त्या वहीने समजावलं.

*

शनीचं सांगते. २०१७ साली कडी भरपूर कललेली होती. आमच्या आठ इंचीतून सासूबाईंना दाखवला. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं बाकी होतं. त्यांनी आधी उजव्याने पाहिलं, मग डाव्याने, पुन्हा उजव्याने. म्हणाल्या, "अगं, ह्या डोळ्याने पांढरा आहे आणि त्या डोळ्याने पिवळा. खरा कोणता?" मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या डोळ्याला तो दोन्हींच्या मधला दिसत होता.

२०२५च्या नोव्हेंबरात त्याच दुर्बिणीतून पाहिलं तर कड्यांच्या जागी चकतीच्या दोन्ही बाजूंना केसासारखी रेघ. साधारण दर १५ वर्षांनी कडी अशी आपल्याकडे धार करून येतात. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले होते आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाले. ती कडी आहेत हे त्याला माहीत नव्हतं. त्याची काय अवस्था झाली असेल, हे त्या रेघेकडे पाहताना पटलं.

*

बुध. सूर्यापासून फार तर २८ अंश दूर जातो, त्यामुळे संधिप्रकाशातच गाठावा लागतो. मला नुसत्या डोळ्यांनी दिसला, क्षितिजाच्या थोडा वर, गुलाबीसर. बायनॉक्युलरने शोधणार असाल तर सूर्य पूर्ण मावळल्यावरच डोळ्याला लावा. यात तडजोड नको, डोळा कायमचा जाऊ शकतो.

*

मला गुरूचे पट्टे दिसतच नाहीत, नुसता पांढरा धुरकट गोळा दिसतो. तीन इंची दुर्बीण, ४ मिमी नेत्रिका आणि वर ३ पट बार्लो (प्रतिमा आणखी तिप्पट मोठी करणारं जोडभिंग). दुर्बीण खराब निघाली का?

*

बार्लो काढून ठेवा. इंचाला ५० पट ही साधारण कमाल मर्यादा, म्हणजे तुमच्यासाठी १५० पट, आणि तीही हवा शांत असेल तर. त्यापुढे फक्त अंधूकपणा मोठा होतो. सगळ्यात जास्त मिमीच्या, म्हणजे सगळ्यात कमी पट दाखवणाऱ्या नेत्रिकेपासून सुरू करा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, घरातली ऊब नळीत असते तोवर प्रतिमा नाचते. आणि ग्रह छपरांवरून वर चढू द्या, दिवसभर तापलेल्या छपरावरची हवा फार हलते. पट्टे दिसले की इथे जरूर सांगा.

*

२१ डिसेंबर २०२०, गुरू-शनी युती. सूर्यास्तानंतर पश्चिमेला ढगांची फट पडली, दहाएक मिनिटंच. पण नेत्रिकेच्या एकाच वर्तुळात गुरू, त्याचे चंद्र आणि कड्यांसकट शनी! मधलं अंतर पूर्णचंद्राच्या साधारण पाचव्या भागाएवढं. शेजारी बसल्यासारखे दिसत होते, प्रत्यक्षात शनी गुरूच्या जवळजवळ दुप्पट लांब. गुरूच्या शेजारी शनी किती मंद दिसतो हे तेव्हाच कळलं.

*

मी युरेनस पाहिला, बायनॉक्युलरमधून. नकाशा घेऊन बसलो तेव्हा तिथे सारखेच दोन मिणमिणते ठिपके होते. ओळखता येईना, म्हणून दोन्ही कागदावर काढले. १७८१च्या मार्चमध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेललाही हा आधी धूमकेतूच वाटला होता, ग्रह आहे हे नंतर कळलं. तीन आठवड्यांनी परत पाहिलं. डावीकडचा ठिपका होता तिथेच होता. उजवीकडचा हलला होता.