मनोरुग्णालयात अडकलेल्या बाईची बाजू कशी मांडायची?

प्रश्न: जळगावात समाजकार्य करते. चोपड्याकडच्या एका बाईला घरच्यांनी मनोरुग्णालयात टाकलं, आता ती बरी आहे पण न्यायला कोणीच येत नाही, रिव्ह्यू बोर्डापुढे (मनोरुग्णांच्या भरतीच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) वकिलाला माझ्याकडून काय लागेल?

धुळ्याहून: ताई, आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज टाका, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २७ खाली वकील मोफत मिळतो. भरतीची तारीख बघा, कलम ८९ खाली ३० दिवसच ठेवता येतं, पुढे ठेवायचं तर कलम ९० लागतं.

अमळनेरहून: घरचे नेत नाहीत एवढ्यावर ठेवता येत नाही, कलम १९. वकिलाला द्यायच्या तुमच्या रिपोर्टात आजाराचं पुराण नको ताई, बाहेर ती कशी राहील ते लिहा, गोळ्या कोण देईल, माहेरचं कोणी आहे का, केळीच्या बागेत काम मिळेल का. आणि तिला काय हवंय ते तिच्याच शब्दांत, हे फार महत्त्वाचं.

प्रश्नकर्ती: भाऊ आहे यावलला, उद्याच जाऊन भेटते.