मदत हवी आहे: लहान गावांमधून जाणारा चढउतारांचा ८५ किमीचा सायकलमार्ग कसा आखावा?

अर्धवट_चढ

नमस्कार. येत्या रविवारी आम्हा दोघांना निघायचे आहे आणि आज बुधवार उजाडला आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. मोठे रस्ते टाळून शेतांमधून आणि लहान गावांमधून जाणारा ८५ किलोमीटरचा गोलाकार मार्ग मी एका ॲपवर आखला. वाटेत सात गावे आहेत, मोठा घाट एकही नाही आणि ॲपने एकूण चढाई ६४० मीटर दाखवली होती. गेल्या रविवारी चाचणी म्हणून तो मार्ग करून पाहिला, तर पन्नासाव्या किलोमीटरनंतर माझ्या मांड्यांनी साथ सोडली आणि शेवटचे तीन चढ मी सायकल ढकलत पार केले. घरी येऊन पाहतो तर हँडलवरच्या यंत्रात चढाई १,०२० मीटर नोंदलेली. सपाटीवर मी १०० किलोमीटर सहज करतो. ॲप चुकले की यंत्र, आणि इतकाच सुंदर पण न दमवणारा मार्ग आखायचा कसा, एवढेच सांगावे. ‘सराव वाढवा’ हा सल्ला नको. चार दिवसांत सराव वाढत नाही.

रुंदटायर

टायर किती मिमी रुंद आहेत आणि हवेचा दाब किती ठेवला होता, हे आपण लिहिलेले नाही. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांचे डांबर खडबडीत असते आणि त्यावर दगडासारखा फुगवलेला २३ किंवा २५ मिमीचा टायर सतत उडत राहतो. त्या हादऱ्यांत शक्ती वाया जाते आणि अंगही ठेचून निघते. माझ्या मते २८ मिमी, फ्रेममध्ये जागा असल्यास ३२ मिमी टायर घालावेत आणि दाब कमी करावा. बाकीच्या चर्चेची गरज पडणार नाही.

वाऱ्याविरुद्ध

मला यात वाऱ्याचा हात दिसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे सर्वांना ठाऊक आहेच. गोलाकार मार्गात कधी ना कधी वारा समोरून येणारच. तो पहिल्या टप्प्यात, पाय ताजे असताना घ्यावा आणि पाठीवरचा वारा परतीसाठी राखावा. आपण कोणत्या दिशेने फिरलात, आणि हा भाग कोणता?

अर्धवट_चढ

भाग मुद्दाम लिहिलेला नाही, कारण ठिकाण सांगितले की ‘त्यापेक्षा आमच्याकडे या’ असे प्रतिसाद येतात. वारा नव्हता. टायर व्यवस्थित आहेत. कृपया चढाईबद्दल बोलावे.

समोच्चरेषा

ॲप आणि यंत्र यांपैकी यंत्रावर जास्त विश्वास ठेवावा. नकाशावर मार्ग आखताना मिळणारी चढाई बहुधा उपग्रह किंवा अवकाशयानातून मोजलेल्या उंचीच्या जाळीवरून काढलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेली मोजणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते आणि तिच्या बारीक आवृत्तीतही दोन बिंदूंमध्ये सुमारे ३० मीटर अंतर असते. त्यावर आकडे गुळगुळीत करण्याची प्रक्रिया चालवली, की ओढ्यात उतरून लगेच वर येणारे पाचसात मीटरचे खड्डे हिशेबातून नाहीसे होतात. एका लांब घाटात याने विशेष बिघडत नाही. परंतु लाटांसारख्या रस्त्यावर सगळी चढाई अशाच तुकड्यांची बनलेली असते. उलट, तीव्र डोंगरउतारावरून कडेकडेने जाणाऱ्या सपाट रस्त्याला हीच जाळी नसलेले चढउतार चिकटवते, त्यामुळे चूक नेहमी एकाच बाजूला होते असेही नाही.

आपले यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजत असेल, तर हवामान बदलल्यास त्याचाही आकडा सरकतो (दाबात एक हेक्टोपास्कल फरक म्हणजे साधारण आठ मीटर उंची), मात्र हा बदल संथ असल्याने त्यातून ३८० मीटरांची तफावत निघणार नाही.

आता मला हवी असलेली माहिती: ती सात गावे दरीत आहेत की टेकड्यांच्या माथ्यावर? आणि आपला रस्ता ओढ्यांच्या कडेने जातो, की त्यांना आडवा छेदतो?

जुनी_चेन

चढावर चेन कोरडी असेल तर फार त्रास होतो. प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब द्यावा, रात्रभर मुरू द्यावा आणि सकाळी वरचे तेल फडक्याने पूर्ण पुसून टाकावे. अनेक जण पुसत नाहीत आणि मग तेलावर धूळ बसून दाते झिजतात. सीटची उंचीही एकदा तपासून घ्यावी.

अर्धवट_चढ

चेन ठीक आहे, सीट ठीक आहे. समोच्चरेषा, सातही गावे खाली आहेत. प्रत्येक गावात पूल आहे, म्हणजे रस्ता ओढ्यांना छेदतो असेच म्हणावे लागेल. पण मुळात टेकड्या अगदीच लहान आहेत. एकही चढ ७० मीटरांपेक्षा उंच नाही. त्याने माणूस एवढा दमतो का?

दातेमोजणी

दमतो. नेदरलँड्समधील ‘ॲम्स्टेल गोल्ड रेस’ १९६६ पासून भरते. तिच्या परिसरातील सर्वात उंच जागा, वाल्सरबर्ग, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३२२ मीटर आहे. तरीही सुमारे २५० किलोमीटरांत ३० पेक्षा अधिक लहान चढ येतात आणि तिथे भले भले व्यावसायिक सायकलपटू मागे पडतात. घाटात माणूस एक लय पकडतो आणि तासभर तिच्यात राहतो. लहान चढावर मात्र ‘एवढेसेच तर आहे’ म्हणून तो कुवतीबाहेर जोर लावतो आणि उतारावर विश्रांती पुरी होण्याआधीच पुढचा चढ समोर येतो.

३८० मीटर जास्तीच्या चढाईचा हिशेब करून पाहा. माणूस, सायकल आणि पाणी मिळून ९० किलो धरले तर ते सुमारे ३३५ किलोज्यूल काम होते, म्हणजे १४० वॉटच्या शांत गतीने अंदाजे ४० मिनिटे. तेवढ्याने कोणाला सायकल ढकलावी लागत नाही. खरे कारण आपण लिहिलेलेच नाही. पुढच्या चेनरिंगला (पायडलजवळच्या दातेरी चकतीला) आणि मागच्या कॅसेटला (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांच्या संचाला) किती दाते आहेत?

वेगप्रिय

गिअरच्या हिशेबात कशाला शिरायचे? असे रस्ते गतीवर काढायचे असतात. उतारावर ब्रेक न लावता सुसाट यावे, तोच वेग पुढच्या चढावर घेऊन जातो. मी गेली अनेक वर्षे असेच करतो आणि मला चढ जाणवतही नाहीत.

समोच्चरेषा

वेगप्रिय यांचे म्हणणे काही अंशीच खरे आहे. ताशी ४५ किलोमीटर वेगातील सर्व गती उंचीत बदलली आणि वाटेत घर्षण अथवा हवेचा विरोध काहीच नसला, तरी सायकल आठ मीटरच वर चढते. वीस मीटरांच्या टेकाडावर ही मदत मोलाची, सत्तर मीटरांच्या चढावर नगण्य. शिवाय इथे प्रत्येक उताराच्या तळाशी गाव आणि पूल आहे. गावात मुले असतात, गुरे असतात, आंधळी वळणे असतात. तिथे ब्रेक लावावाच लागतो, आणि लावला नाही तर तो बेजबाबदारपणा होईल. म्हणजे उतारावर कमावलेले सगळे गावाच्या वेशीवर सोडून द्यायचे आणि पुलापासून शून्यातून सुरुवात करायची, असे सात वेळा. ‘वाटेत जास्तीत जास्त गावे’ हा निकषच येथे महागात पडलेला आहे.

वेगप्रिय

मी गावातून सुसाट जा असे कोठेही लिहिलेले नाही.

अर्धवट_चढ

पुढे ५३/३९ आणि मागे ११-२५. सायकल वापरलेली घेतली होती, तेव्हापासून तीच जोडी आहे. महत्त्वाचे वाटले नाही म्हणून लिहिले नव्हते. आणि हो, पत्नीला मात्र काहीच त्रास झाला नाही. प्रत्येक चढावर ती वर जाऊन माझी वाट पाहत उभी होती. तिच्याकडे सरळ हँडलची साधी हायब्रिड आहे, पुढे तीन चेनरिंग असलेली.

दातेमोजणी

ही दोन वाक्ये पहिल्या लेखात असती तर आपला एक दिवस वाचला असता. आपला सर्वात हलका गिअर ३९/२५ (पुढे ३९, मागे २५ दाते) आहे, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सव्वातीन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे इतक्या जड लयीतही वेग ताशी पावणेबारा किलोमीटर राहतो आणि १० टक्के चढावर त्यासाठी ९० किलो वजनाला सुमारे ३०० वॉट लागतात. ३४/३२ असता तर त्याच लयीत ताशी आठ किलोमीटर वेग आणि सुमारे २०० वॉट. सपाटीवर १०० किलोमीटर करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ३०० वॉट काही मिनिटांच्या वर झेपत नाहीत. पत्नीच्या सायकलचा सर्वात लहान चेनरिंग पाहा, उत्तर तिथेच मिळेल.

रुंदटायर

मग पुढचा ३९ काढून ३४ बसवावा, काम संपले. आणि हवेचा दाब अजूनही कळलेला नाही.

दातेमोजणी

तसे बसत नाही, आणि हा सल्ला ऐकून कोणी विनाकारण चेनरिंग विकत घेऊ नये. ५३/३९ च्या पारंपरिक पाच हातांच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर, ज्याला चेनरिंग बोल्टने जोडतात) बोल्टचे वर्तुळ बहुधा १३० मिमी असते आणि त्यावर ३८ दात्यांपेक्षा लहान चेनरिंग बसत नाही. ३४ साठी ११० मिमीचा क्रँक लागतो, म्हणजे पूर्ण क्रँक बदलणे आले. चार दिवसांत जमण्यासारखे एकच आहे: मागे ११-२८ कॅसेट आणि सोबत नवी, योग्य लांबीची चेन. जुन्या, आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला (मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) बहुधा २७-२८ दाते पेलतात, त्याहून मोठी कॅसेट तपासल्याशिवाय लावू नये. ३९/२८ ने वरच्या ३०० वॉटचे साधारण २७० होतील. चमत्कार होणार नाही, फरक जाणवेल.

समोच्चरेषा

उरलेला फरक मार्गात करावा. नकाशावर समोच्च रेषांचा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) थर लावून आधी ओढे पाहावेत आणि नंतर रस्ते. दोन ओढ्यांच्या मधल्या उंच धारेवरून जाणारा एखादा जुना रस्ता बहुतेक ठिकाणी सापडतो. एकदाच सावकाश धारेवर चढावे, दोन्ही बाजूंची शेते पाहत वीसएक किलोमीटर वरूनच जावे, एका गावात उतरावे आणि परतीला दरीच्या कडेचा रस्ता धरावा. दृश्य कमी होत नाही, माझ्या मते वाढतेच. गावे सातऐवजी तीन ठेवावीत, पाणी भरायला तेवढी पुरतात. फेऱ्याची दिशा ठरवताना लांब व मंद बाजूने चढून आखूड व तीव्र बाजूने उतरणे पायांना सोयीचे पडते. मात्र त्या उतारावर खडी किंवा आंधळी वळणे असतील तर दिशा उलटी करावी, थोडे जास्त दमलेले परवडते.

वाऱ्याविरुद्ध

धारेवर वारा जास्त लागतो, हे कोणीतरी सांगायला हवे होते.

समोच्चरेषा

मान्य आहे. वादळी दिवशी दरीचा रस्ता आधी घ्यावा.

अर्धवट_चढ

सर्वांचे आभार. आज शुक्रवार. ११-२८ कॅसेट आणि चेन बसवून घेतली, डिरेलरला ती चालली. धारेवरचा रस्ता सापडला. नकाशात तो इतका बारीक होता की मी त्याला शेतरस्ता समजत होतो. नवा मार्ग ७८ किलोमीटर, गावे चार. तीन करता आली नाहीत, कारण एका गावातील तळे पत्नीला पाहायचेच आहे आणि त्या गावातून वर येणारा चढ तिच्या गिअरला सोपा असल्याने माझ्या तक्रारीला घरात वजन उरलेले नाही. ॲप ५१० मीटर म्हणते. मी मनाशी ८०० धरून चाललो आहे.

रुंदटायर

उत्तम. दाब?

अर्धवट_चढ

११५ पीएसआय. टायर २३ मिमी.

रुंदटायर

हेच मी बुधवारी विचारत होतो.