सोयापेंडीच्या जागी सरकी पेंड: लायसिनचं काय?
ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या खाद्याबद्दल बोलतोय: टरफल काढलेल्या सरकी पेंडीत प्रथिनं सोयापेंडीच्या जवळपास, तर सोयापेंड पूर्ण काढून सरकी पेंड का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा फसवा असतो, पाहायचं ते लायसिन, म्हणजे प्रथिनातला वाढीला लागणारा एक घटक (अमिनो आम्ल). सोयापेंडीच्या प्रथिनांत ते साधारण ६ टक्के, सरकीच्या ४ च्या आसपास. त्यातही तेल काढताना उष्णतेने सरकीतलं गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य लायसिनला चिकटतं, म्हणजे आहे तेवढंही पक्ष्याच्या अंगी लागत नाही. मोकळं राहिलेलं गॉसिपॉल वेगळाच त्रास देतं: पक्षी खाद्य कमी खातात, वजन रेंगाळतं. फेरस सल्फेट मिसळलं की त्यातलं लोह गॉसिपॉलला बांधून ठेवतं, हा जुना आणि चालणारा उपाय. शिवाय वरून लायसिन घालावंच लागतं. स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात) प्रयोग नकोच. फिनिशरमध्ये (विक्रीआधीच्या शेवटच्या खाद्यात) सरकी पेंड थोडी थोडी आणा आणि दर आठवड्याला वजन करा.

मक्याऐवजी बाजरी चालते, भरडून घ्या. फक्त पिवळं रंगद्रव्य कमी असल्याने कातडी फिकी दिसते.

शेवग्याचा पाला, अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी छोटी वनस्पती) यांचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. ब्रॉयलरला तंतू पचत नाहीत. पाच टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं.