दोघं, दोन सायकली आणि वर्गणी: तुमचे अनुभव सांगा

परवा सीटबॅग झटकताना धुळ्याच्या लॉजची चुरगळलेली पावती निघाली आणि वाटलं की हे एकदा लिहूनच टाकावं, आणि तुमच्याकडूनही लिहून घ्यावं. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत बरेच जण आहेत ज्यांनी कुठल्यातरी चांगल्या कामाला पैसे उभे करायचे म्हणून लांबवर सायकल दामटली, आणि तीही एकट्याने नाही, दोस्ताला घेऊन. हारतुरे, झेंडा दाखवणं वगैरे नका सांगू, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. सोबत्याशी भांडण कशावरून झालं आणि पैसे खरंच आले का, ते सांगा.

माझं आधी. मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, दोघंही ४६ चे, इंदूर ते नाशिक, डिसेंबर २०२२. रस्ता शोधावा लागत नाही हो, पलासियाच्या चौकात आपण रोज ज्या ए.बी. रोडला शिव्या घालतो तोच आग्रा-मुंबई रस्ता, धरून बसायचं, चारशेच्या आसपास किलोमीटर, आम्ही चार दिवस ठेवले होते. एका वसतिगृहातल्या १२ मुलींना शाळेत जायला सायकली घेऊन द्यायच्या होत्या. पहिल्या दिवशी मानपूरनंतर गणपती घाट लागला. ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम, तेव्हा तिथला नवा बाह्यमार्ग झाला नव्हता, आणि आम्ही दोघं शूरवीर सायकलवरून उतरून कडेकडेने चालत खाली गेलो. लाज वाटली नाही. मागून ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत होता.

घाट उतरला की निमाड, हवाच वेगळी, डिसेंबरातही जॅकेट काढावं लागलं. खलघाटला नर्मदा ओलांडली, हात जोडले, पुढे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मित्राचं मागचं चाक पंक्चर, ट्यूब बदलली, दहा-बारा किलोमीटरवर परत पंक्चर, परत बदलली, मग तिसऱ्यांदा. मी म्हणालो टायर बदल म्हणून दिवाळीपासून सांगतोय. तो म्हणाला तू फक्त सांगतोसच. झालं! जुलवानियाला रस्त्याकडेला एक म्हातारबा पंक्चर काढत बसले होते. त्यांनी ट्यूबला हातच लावला नाही, कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून सावकाश गोल फिरवला, एका जागी कापूस अडकला. नेलकटरने ओढून काढली ती तार केसाएवढी, तांदळाच्या दाण्याच्या अर्धी. ट्रकचे टायर फुटतात त्यातली तार म्हणे, हायवेला हीच असते. आमच्याकडे स्पेअर ट्यूब तीन, पंप दोन, कापूस नव्हता.

पैसे देताना त्यांनी विचारलं कुठे निघालात, का. सांगितलं. ते म्हणाले, "बच्चियों की साइकिल में कॅरियर लगवाना, बिना कॅरियर की मत लेना, बस्ता कहाँ रखेंगी?" आमच्या कोटेशनमध्ये कॅरियर नव्हतं. सेंधव्यापर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही पण डोक्यात दोघांच्याही कॅरियरच होतं हे नंतर कळलं.

*

पैशाचं मी सांगते कारण त्यात मी पोळलेय. मी आणि माझी मैत्रीण, इंदूर-ओंकारेश्वर-महेश्वर-इंदूर, तीन दिवस. आम्ही किलोमीटरमागे रुपये अशी वर्गणी ठेवली होती. मावशी म्हणाली २ रुपये किलोमीटरला. परत आले तर म्हणे तो मोबाइलमधला नकाशा दाखव, २३६ होते, तिने ४७२ मोजून दिले, सुटे सुद्धा! आणि एक नातेवाईक, ज्यांनी सगळ्यांसमोर दहा हजार जाहीर केले होते, ते अजून "पाठवतो गं" म्हणताहेत. मावशीला मी मनात हसले होते, आता नाही हसत.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी, पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात पाठवायला सांगा आणि पावती संस्थेचीच द्या. २००० रुपयांच्या वर रोख देणगी दिली तर त्यावर आयकरात सूट मिळत नाही हे आधीच सांगा. आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ही सूट नाहीच. मला मार्चमध्ये याचे इतके फोन आले की वाटलं सायकलीऐवजी सीएच्या परीक्षेला बसले असते तर बरं. बाकी मंडलेश्वरकडून जाम गेट चढताना दोघी सायकल ढकलत होतो, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेल्या त्या दरवाजाखाली बसून भुट्टा खाल्ला आणि मैत्रीण रडली, का ते मी इथे लिहिणार नाही.

*

आमची एकच सायकल होती, टँडम. पुढे मी, मागे माझा मित्र, त्याची दृष्टी कॉलेजात असताना गेली. अंधशाळेतल्या मुलांना घडीच्या पांढऱ्या काठ्या घ्यायच्या होत्या म्हणून इंदूर ते ओंकारेश्वर आणि परत. टँडममध्ये दोघांची पेडलं एका चेनने जोडलेली असतात, मी थांबलो की त्याचेही पाय थांबतात, त्यामुळे पुढच्याने सतत बोलायचं असतं, खड्डा, गिअर, ब्रेक, उतार. मी सिमरोलपर्यंत बोललो मग विसरलो. एक खड्डा दणकून बसला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, तुला दिसतो ना, मग तो तुझ्यापुरता का ठेवतोस?"

फसवता तर येतच नाही. चढावर मी पाय नुसते फिरवत होतो, जोर न लावता, लगेच मागून, "पगार कापीन." चोरल आल्याचं त्याने माझ्याआधी सांगितलं, हवा गार झाली म्हणून. मोरटक्क्याच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला तसं म्हणाला आली नर्मदा. पलीकडून परिक्रमावासी येत होते, त्यांनी "नर्मदे हर" म्हटलं आणि आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यात जाते. प्रत्येक टपरीवर लोक मला विचारायचे, "इनको चाय चलेगी?" तो समोर बसलेला. तिसऱ्या टपरीवर तो म्हणाला, "इनको दो चलेंगी." त्यानंतर प्रत्येक ठिकाणी दोन चहा प्यायला, ॲसिडिटी झाली तरी!

*

मी सायकल चालवली नाही, माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या मित्राने चालवली. मी मागे गाडी चालवली, ताशी १८ च्या स्पीडने दोन दिवस, करून बघा एकदा. पोहे, त्यावर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची बाटली, ओआरएस, दशम्या, हळद, आयोडेक्स सगळं माझ्याकडे. सत्कारात दोघांना शाली मिळाल्या. मला निवेदकाने "आणि वहिनींचंही सहकार्य" म्हटलं. माझा अनुभव एवढाच.

*

वहिनी, दंडवत.

माझा छोटा आहे. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला संपवायच्या सायकल राइड, करणाऱ्या मित्राबरोबर चॅरिटी राइडला जाऊ नका. त्या लोकांना २०० किमी साडेतेरा तासांत संपवायची सवय असते, घड्याळाशिवाय त्यांना काही दिसत नाही. आम्ही ज्या गावांत थांबून पत्रकं वाटणार होतो ती गावं आम्ही सरासरी २४ ने पार केली. तो अव्हरेज सांगत होता, मी पत्रकं परत घरी आणली. पुढच्या वर्षी त्याला कळलं असावं, कारण तो साधी लेडीज सायकल घेऊन आला, गिअर नसलेली.

*

मी परत, इंदूर-नाशिकवाला. वहिनींचं वाचून मी गप्प बसलोय, कारण आमच्या मागेही एक गाडी होती आणि ती कोण चालवत होतं ते मी वर लिहिलंच नाही. मित्राचा धाकटा भाऊ. चांदवडला रंगमहालासमोर त्याने आमचा फोटो काढला, तो स्वतः एकाही फोटोत नाही.

कुणीतरी विचारलं सायकलींचं काय झालं. कॅरियर, स्टँड आणि चेनकव्हर धरून नवं कोटेशन घेतलं, जमलेल्या पैशात १२ बसेनात. मित्र म्हणाला ११ घेऊ, पण कॅरियरसकट. मी म्हणालो १२ च, कॅरियर नंतर बघू. परत भांडलो, या वेळी दुकानात, दुकानदारासमोर. शेवटी ११ घेतल्या, आणि बारावी म्हणून त्याने घरी लेकीची पडून असलेली सायकल आणून ठेवली, मागच्या टायरसकट नवीन करून.