मदत हवी आहे: टाइम-ऑप्टिमल (कमीत कमी वेळाच्या) कंट्रोलचं सिम्युलेशन, इनपुट एकदाच पलटायला हवं, हजारदा पलटतंय

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. सोमवारी सरांना एम.टेक.च्या प्रोजेक्टचा ग्राफ दाखवायचाय आणि मी अडकलेय.

मोटरवर सरकणारी गाडी १ मीटरवरून शून्यावर कमीत कमी वेळात आणून थांबवायची. कमाल प्रवेग १ मी./से.². स = य + व|व|/२ (य अंतर, व वेग); स = ० हा पलटीचा वक्र. स धन असेल तर इनपुट (मोटरने द्यायचा प्रवेग) −१, ऋण असेल तर +१. घर्षण नसताना झकास चालतं: १ सेकंदाला पलटी, २ सेकंदांत गाडी जागेवर.

मॉडेल जरा खरं वाटावं म्हणून वेगाच्या प्रमाणात वाढणारं घर्षण घातलं, गुणक ब = ०.२, आणि तिथून बोंब. १.०७ सेकंदाला पलटी होते, मग शेवटपर्यंत +१, −१, +१, −१. ग्राफ म्हणजे नुसता निळा ठोकळा. व्हेरिएबल स्टेपवर (वेळेचं पाऊल सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, स्वतः ठरवतो) तर सलग १००० झीरो क्रॉसिंग (स ने शून्य ओलांडणं) झाल्या म्हणून रनच थांबतो. स्टेप कमी केली तर ठोकळा आणखी गच्च! लॅबच्या रिगवर (खऱ्या गाडीच्या जोडणीवर) रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे, त्यावर हे चढवलं तर कॉन्टॅक्ट जळायचेच. डेडबँड (शून्याजवळचा, इनपुट न पलटणारा पट्टा) घालू का?

निवृत्त_रिले, वडोदरा:
डेडबँडने दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही. सॉल्व्हर निर्दोष आहे. वक्र बिनघर्षणाच्या गाडीचा, गाडी मात्र घर्षणाची. ब्रेकला घर्षणाची साथ मिळते, गाडी गरजेपेक्षा लवकर मंदावते, स पुन्हा धन होतो, नियम म्हणतो पळ. पळाली की लगेच ब्रेक. हे स्लायडिंग झालं, म्हणजे गाडी वक्राला चिकटून फडफडत सरकते. खरा वक्र असा:

स = य + व/ब − चिन्ह(व) · लॉग(१ + ब|व|)/ब²

लॉग नैसर्गिक; चिन्ह(व) म्हणजे व धन असेल तर +१, ऋण असेल तर −१. आणि इव्हेंटवर (स शून्य होताच) इंटिग्रेशन थांबवा, इनपुट बदला, पुन्हा सुरू करा. नंतर स चं चिन्ह बघूच नका. अशा दुसऱ्या ऑर्डरच्या, वास्तव मुळांच्या (स्वतःहून न झुलणाऱ्या) प्लांटला, म्हणजे चालवायच्या यंत्रणेला, एकापेक्षा जास्त पलटी लागत नाही. रिगवर ब थोडा चुकणारच. कमी धरलात तर हीच फडफड, जास्त धरलात तर गाडी शून्य ओलांडेल. म्हणून शून्याजवळ साधा पीडी (अंतर आणि वेगाच्या प्रमाणात इनपुट देणारा कंट्रोलर) ठेवा.

धागाकर्ती:
काका, १.१०३ ला एकच पलटी, २.००७ ला थांबली! आधी २.०३६ लागत होते. ०.०३ सेकंदापायी तीन रात्री गेल्या. पीडी कुठून सुरू करू?

निवृत्त_रिले:
५ मिलिमीटरपासून बघा. वक्रावर तिथे वेग साधारण ०.१ मी./से. उरतो, पीडीला झेपेल.