'पासिंग'ला मराठीत काय म्हणावं? 'जात चोरणे' चालेल?

लिंबूसोडा (नागपूर)

अमेरिकन लेखिका नेला लार्सनची 'पासिंग' (१९२९) ही कादंबरी मराठीत करायचा उपद्व्याप चाललाय. पासिंग म्हणजे काळ्या माणसाने गोरा म्हणून वावरणं. नोकरी सांभाळून रात्री दोन-दोन पानं. पण गाडी नावावरच अडलीय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आयरीन आणि क्लेअर लहानपणापासूनच्या ओळखीच्या. दोघी काळ्या समाजातल्या, पण रंग इतका उजळ की बघणाऱ्याला गोऱ्याच वाटतात. क्लेअरने गोऱ्या माणसाशी लग्न केलंय. त्याला काळ्यांचा मनस्वी तिटकारा, आणि बायको कोण आहे याचा पत्ता नाही. लार्सनची स्वतःची आई डेन्मार्कची गोरी आणि वडील वेस्ट इंडीजकडचे, त्यामुळे बाईला हे ऐकीव नव्हतं.

दोघींची गाठ पडते शिकागोत, ऑगस्टच्या उन्हात. आयरीनला चक्कर येते, टॅक्सीवाला तिला एका बड्या हॉटेलात सोडतो आणि ती गच्चीवर गार चहा घेत बसते. काळ्यांना तिथे मज्जाव. म्हणजे लपवाछपवी एकटी क्लेअरच करते असं नाही, त्या दुपारी उन्हापायी आयरीनही तेच करतेय. समोरची बाई टक लावून बघायला लागते तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो, हिला कळलं की काय? मी हे मे महिन्यात वाचलं. कूलरचं पाणी संपलेलं, बाहेर ४५. ते ऊन मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एका सरांनी 'वर्णांतर' सुचवलं. ऐकूनच जांभई येते. माझ्या मनात 'जात चोरणे' आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती'मुळे (१९६३) तो शब्द आपल्या कानाला सवयीचा आहे. पण चोरणे म्हटलं की चोर आलाच. क्लेअरने कुणाचं काय चोरलं?

रिटायर्ड मास्तर (धंतोली)

बेटा, 'खपणे' वापर. 'गोरी म्हणून खपली.' आपण रोज बोलतो की, खोटं नाणं खपलं, माल खपला. समोरच्याने घेतलं म्हणून खपलं, हे त्यात आपोआप येतं. शिवाय खपणे म्हणजे राबणेही आणि मरणेही. कादंबरीचा शेवट मी वाचलाय, म्हणून म्हणतो. जास्त सांगत नाही.

तर्रीपोहा

अवो ताई, 'पासिंग' म्हटलं तं लोकायले गाडीचंच वाटन. एमएच ३१ पासिंग, एमएच ४९ पासिंग. पुस्तक आरटीओसमोर इकावं लागन 😀

बर्डी ते बोस्टन

जात नको, वंश म्हणा, असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. आपल्याच एका माणसाने तिथल्या सुप्रीम कोर्टात या दोन्हींची मोट बांधली होती. भगतसिंग थिंड, पंजाबचा, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. नागरिकत्व तेव्हा फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. त्याच्या बाजूने युक्तिवाद काय, तर हा उच्च जातीचा, आर्य रक्ताचा, म्हणून गोराच. कोर्टाने १९२३ मध्ये सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तू बसत नाहीस. पुढे आधी नागरिकत्व दिलेल्या काही भारतीयांचंही काढून घेतलं. आपण भारतीयांनी तिथे जात चोरली नाही, उलट कोर्टात पुरावा म्हणून मांडली. तरी खपली नाही. मास्तरांचा शब्द इथेही बसतो बघा.

साधा वाचक

सगळीकडे जात आणायलाच हवी का? रंग डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही. तुलनाच चुकीची आहे.

लिंबूसोडा (नागपूर)

साधा वाचक, रंग दिसतोच असं नाही, कादंबरी तर त्याच्यावरच उभी आहे. १८९२ साली न्यू ऑर्लिन्समध्ये होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात चढला. आठात एक हिस्सा काळं रक्त. दिसायला गोराच, त्यामुळे अटक व्हावी म्हणून 'मी काळा आहे' हे कळवावं लागलं. खटला करण्यासाठी ठरवूनच केलेलं. १८९६ ला हरला, वेगळे डबे कायदेशीर ठरले.

आणि जात दिसत नाही म्हणूनच तर आडनाव विचारतात. तर्रीपोहा, तुमची नंबरप्लेट मला फार आवडली, हसण्यावारी नेऊ नका. मी वानखेडे. भंडाऱ्याची. हे आडनाव कुणब्यांतही आहे आणि आमच्या बौद्धांतही. नोकरी लागली तेव्हा प्रतापनगरकडे खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "वानखेडे म्हणजे आपले कुणबीच ना जी?" मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले. वर बघेपर्यंत त्यांचं समाधान झालेलं. "वाटलंच मले."

अकराच महिन्यांचा करार. बाबासाहेबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून सुटकेसमध्ये. मी खोटं एक अक्षर बोलले नाही हो, हे मी स्वतःला रोज सांगायचे. दसऱ्याला आत्या दीक्षाभूमीवर आली, पांढरं लुगडं, हातात पाच किलो तांदळाची पिशवी, म्हणाली तुझी खोली तं दाखव. मी म्हटलं मालकीण गावाला गेली, किल्ली तिच्याकडे आहे. पिशवी कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी घेतली आणि तिला तिथूनच ऑटोत बसवून दिलं. गणेशपेठच्या स्टँडवर दोन तास बसली होती म्हणे, भंडाऱ्याच्या गाडीसाठी.

वर मी विचारलंय ना, क्लेअरने कुणाचं काय चोरलं. ती काळ्या वस्तीत, हार्लेममध्ये परत-परत का जाते, जीव धोक्यात घालून, हे मला इंग्रजीत वाचताना कळलं नव्हतं. भाषांतर करताना त्या पानांवर मी अडून बसते.

मुखपृष्ठावर 'पासिंग'च ठेवते, होऊ दे आरटीओ तर आरटीओ. आतल्या वाक्यांत मास्तरांचं 'खपणे'. 'चोरणे' फक्त आयरीनच्या मनात, तेही गच्चीवर नाही, पुढे. पहिलं प्रकरण रविवारी टाकते. मास्तर, शुद्धलेखन बघाल ना?

रिटायर्ड मास्तर (धंतोली)

बघतो. 'लुगडं' तसंच राहू दे.